लाकडी खेळणी, नग पाच

शाळेच्या कार्यालयाला स्वतःचा असा एक वास होता आणि बत्तीस वर्षे नाकाने सोसूनही तो बाईंच्या अंगवळणी पडला नव्हता. ओल धरलेल्या नोंदवह्या, खुर्चीच्या पाठीवर डोकी टेकून टेकून मुरलेले तेल, बशीत सांडून आळलेला चहा आणि त्यात चिकटून मेलेल्या मुंग्या, या सर्वांचा मिळून तो वास झाला होता. त्या दिवशी बाईंनी उंबरठ्यावरच रुमाल नाकाशी धरला आणि मग आत पाऊल टाकले. निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. हा वास आता नऊच वेळा, असे त्यांनी मनाशी मोजले.

मुख्याध्यापक टेबलामागे बसून पेनच्या टोपणाने कान कोरत होते. हा त्यांचा नित्याचा व्यवसाय होता. कोरून झाले की टोपण डोळ्यांसमोर धरून ते निरखत, निघालेला ऐवज टेबलाच्या कडेला पुसत आणि तेच टोपण पुन्हा पेनला लावत. सही करण्यासाठी ते जो पेन समोरच्यापुढे करीत, तो हाच.

"या मॅडम, बसा," ते म्हणाले.

बाईंनी समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचा तेलकट डाग पाहिला आणि त्या उभ्याच राहिल्या.

"माझ्या पेटीबद्दल अर्ज दिला होता, सर. त्यातल्या बाकीच्या वस्तू राहू द्यात. मला फक्त पाच लाकडी वस्तू न्यायच्या आहेत. माझ्या वडिलांनी केलेल्या आहेत त्या."

"तुमच्या वडिलांनी असतील," मुख्याध्यापक हसत म्हणाले, "पण नोंद शाळेची आहे. काय हो भाऊसाहेब?"

कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेल्या कारकुनाला सगळी शाळा भाऊसाहेब म्हणे. मान वर करण्याआधी त्याने बोटाला थुंकी लावून जडवस्तूंच्या नोंदवहीचे पान उलटले. त्या वहीच्या प्रत्येक पानाचा उजवा कोपरा अनेक कारकुनांच्या थुंकीने काळा आणि मऊ झाला होता.

"पान एकशेसहा. लाकडी खेळणी, नग पाच," त्याने वाचले. "आणि वाळू, नग एक. मीठ, नग एक. पाणी, नग एक. तांदूळ, नग तीनशे चाळीस."

"बघा," मुख्याध्यापक म्हणाले, "आम्ही कसं देणार?"

ही पेटी म्हणजे काय प्रकार होता, हे सांगायचे तर बाईंच्या नोकरीच्या पहिल्या वर्षापर्यंत मागे जावे लागते. बाई इंग्रजी शिकवीत. कोणते नाम मोजता येते आणि कोणते येत नाही, हा धडा त्या वेळी सगळीकडे एकाच पद्धतीने शिकवला जाई. फळ्यावर दोन रकाने आखायचे, एकात पेन्सिल, झाड, मूल, दुसऱ्यात पाणी, वाळू, माहिती, सामान, आणि मुलांनी ते वांत्या काढल्यासारखे परीक्षेत ओकायचे. बाईंना स्वतःला असेच शिकवले गेले होते. फर्निचरला अनेकवचन का नाही, असे त्यांनी एकदा वर्गात विचारले, तेव्हा त्यांच्या मास्तरांनी, "नाही म्हणजे नाही, तुझ्या बापाचं काय जातं?" असे उत्तर दिले होते. त्या रात्री त्यांनी ते बापालाच विचारले. बाप सुतार होता. तो म्हणाला, "अगं, मी खुर्ची करतो तेव्हा एक खुर्ची करतो. पण गिऱ्हाईक घर बदलतं आणि दारात सगळं ओतून ठेवतं, तेव्हा त्यातलं किती माझं, किती दुसऱ्याचं, कोण मोजतं? तो नुसता पसारा."

पसारा! शब्द ऐकला आणि बाईंच्या डोक्यातली गाठ सुटली. आपल्याला कुठे पसारे मोजता येतात? इंग्रज जे फर्निचर म्हणतो, ते त्याच्या लेखी पसाऱ्यासारखेच असते. खुर्ची मोजता येते. फर्निचर नुसते असते.

नोकरी लागल्यावर त्यांनी एक पत्र्याची पेटी घेतली आणि तिच्यात झाकणाच्या छोट्या डब्या भरल्या. वाळू, मीठ, तांदूळ, तेल, लोकरीचा गुंता, साबणाचा चुरा. दुसऱ्या बाजूला बटणे, चमचे, किल्ल्या. पाणी त्या रोज ताजे भरीत. आणि बापाने त्यांच्यासाठी शिसवीच्या तुकड्यांतून बोटाएवढ्या पाच वस्तू घडवल्या: तीन खुर्च्या, एक टेबल, एक कपाट. कपाटाचे दार खरोखर उघडत असे. त्या वस्तू देताना तो म्हणाला होता, "वर्गात दे पोरांच्या हातात. हाताला कळतं ते डोक्याला उशिरा कळतं."

बाईंचा नियम एकच होता. मुलाने डोळे मिटायचे, हात डबीत घालायचा, आणि हाताला सुटे सुटे लागते की मूठभर लागते, ते आधी मराठीत सांगायचे. इंग्रजी शब्द त्यानंतर. मोजता न येणाऱ्याला भांडे लागते, हे मुले स्वतःच शोधून काढीत. चिमूटभर मीठ, घोटभर पाणी, ओंजळभर वाळू, असे वर्गभर चाले. म्हणूनच त्यांचे नाव चिमूटबाई पडले. तांदळाशी गाडी हमखास अडे, कारण आपण तांदूळ निवडले म्हणतो, म्हणजे अनेकवचनी बोलतो, आणि इंग्रज त्याला एकवचनी ठेवतो. एकदा एक मुलगी म्हणाली, "बाई, आमची आजी तांदळातले खडे मोजते, तांदूळ नाही मोजत."

"मग तुझ्या आजीला इंग्रजी येतं," बाई म्हणाल्या, आणि वर्ग हसून लोळला.

शेवटी पाच लाकडी वस्तू एकीवर एक रचून डोळे मिटलेल्या मुलाच्या ओंजळीत द्यायच्या. किती आहेत ते त्याला सांगता येत नसे. "पसारा आहे, बाई," असे तो म्हणे, आणि फर्निचर त्याला जन्मभरासाठी येई.

आता ही पेटी नोंदवहीत कशी शिरली ते. बावीस वर्षांपूर्वी एक आदेश आला की ज्या वस्तूची नोंद नाही ती वस्तू वर्गात दिसता कामा नये. बाईंनी पेटी घरी नेली असती तर प्रश्न मिटला असता. पण त्या काळी त्यांचा संस्थांवर विश्वास होता, आणि असा विश्वास माणसाला भलत्या ठिकाणी सही करायला लावतो. त्यांनी पेटी नोंदवली. तेव्हाचा कारकून अत्यंत प्रामाणिक होता. शाळेतील बरेचसे नुकसान अशाच प्रामाणिक माणसांनी केले होते. तो म्हणाला, "बाई, वस्तूचं नाव लिहिलं की पुढच्या रकान्यात नग लागतो. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"अहो, वाळूचा नग कसा लिहाल?"

"एक लिहितो."

"आणि तांदूळ?"

"तांदूळ मोजता येतात ना," असे म्हणून त्या सद्गृहस्थाने वर्तमानपत्र पसरले आणि आख्खी दुपार दाणे मोजले. मध्येच कुणीतरी हाक मारली, आकडा चुकला, तेव्हा त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीनशे चाळीस. आकडा लिहून झाल्यावर त्याच्या तोंडावर जे समाधान उमटले, ते आठवले की बाईंना अजून किळस येई. सर्व इंग्रजी भाषेने जे मोजायचे नाकारले, ते त्याने एका दुपारीत मोजून दाखवले होते.

निवृत्तीच्या आठवडाभर आधी प्रत्यक्ष पडताळणी झाली. पेटी कार्यालयातल्या टेबलावर आणली. गेली तीन वर्षे वरून आलेल्या चित्रांच्या पुस्तकावरूनच शिकवायची सक्ती होती, त्यामुळे ती कपाटात बंद होती. झाकण उघडताच तेलाचा खवट भपकारा आला. लोकरीच्या गुंत्यात झुरळांनी अंडी घातली होती. साबणाच्या चुऱ्याची आणि मिठाची एकच करडी वडी झाली होती. तांदळाच्या डबीत जाळे, पीठ आणि त्या पिठातून सावकाश चालणारे किडे.

शाळेचा शिपाई, ज्याला सगळे मामा म्हणत, डबीत डोकावून म्हणाला, "नग वाढलेत साहेब. चालायला लागलेत."

"मामा, गप्प बसा," भाऊसाहेब ओरडला. त्याला खरोखर घाम फुटला होता. बाईंच्या निवृत्तीनंतरच्या सोमवारी तपासणीस येणार होते. "तांदूळ तीनशे चाळीस कमी. पाणी एक नग, तेही कमी."

"पाणी रोज ओतून देत होते मी," बाई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही शाळेचा नग रोज ओतून देत होता?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. चेष्टा असती तर बाईंना त्याची किळस कमी आली असती.

मुख्याध्यापकांनी तोडगा काढला. नवे तांदूळ आणायचे, मोजून भरायचे, बाटलीत पाणी भरून लाखेने तोंड बंद करायचे. म्हणजे ते कुणी ओतणार नाही. मामा आणि भाऊसाहेब दाणे मोजायला बसले. दर दहा दाण्यांनंतर भाऊसाहेब बोट ओले करी.

बाईंच्या पाच वस्तू मात्र पेटीच्या तळाशी, कापडात गुंडाळलेल्या, जशाच्या तशा निघाल्या. कपाटाचे दार बाईंनी नखाने उघडून पाहिले. उघडले.

"ह्या तरी द्या," त्या म्हणाल्या.

"एकच मार्ग आहे, मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. "निर्लेखन. वस्तू निरुपयोगी झाली असं तुम्ही लेखी द्या, आम्ही वहीतून काढतो." त्यांनी कानातून टोपण काढले, टेबलाला पुसले, पेनला लावले आणि पेन बाईंपुढे धरला.

बाईंना तो पेनही दिसला आणि ते वाक्यही. बापाच्या हातच्या शिसवीला निरुपयोगी म्हणायचे, तेही स्वतःच्या अक्षरात.

"नाही लिहिणार," त्या म्हणाल्या.

घरी ताईने ऐकून घेतले. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. ती बाईंबरोबरच राहत असे आणि तिच्या जिभेला हाड नव्हते.

"जन्मभर लोकांच्या पोरांना पाणी मोजू नका म्हणून शिकवलंस," ती म्हणाली, "आणि शेवटी त्यांनी तुझंच पाणी जोखलं."

"मला त्यांची घाण वाटते, ताई."

"घाण वाटून बत्तीस वर्षं काढलीस. आता आठवडा काढ. एक सही तर करायची. बाबा काय कागद वाचायला येणार आहेत?"

"मी वाचणार आहे ना."

 ताई म्हणाली, "दवाखान्यातल्या बायका येणार आहेत ना, निवृत्तीनंतरच्या गुरुवारी? त्यांना काय देशील हातात? माझे दात?"

बाईंना हसू आले, पण प्रश्न खरा होता. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या पाच बायकांनी घरी येऊन इंग्रजी शिकायचे ठरवले होते. वाळू, मीठ, पाणी कुठेही मिळते. पण त्या पाच वस्तूंशिवाय धडा शेवटपर्यंत जात नव्हता, आणि नव्या करणारा माणूस उरला नव्हता.

शेवटच्या कामाच्या दिवशी, शनिवारी सकाळी, बाई शाळेत गेल्या तेव्हा कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर एक नवा फलक टांगलेला होता. वर सोनेरी अक्षरांत 'इंग्रजी प्रयोगशाळा'. खाली प्लायवुडवर पेटीतला सगळा ऐवज चिकटवलेला. तांदूळ दाणा दाणा करून ओळीत चिकटवले होते, चौतीसच्या दहा ओळी. वाळूचा एक गोळा डिंकात कालवून थापला होता, जखमेवरच्या खपलीसारखा. पाण्याची लाखबंद बाटली तारेने आवळली होती. आणि सर्वांत खाली, एकमेकींपासून वीतभर अंतरावर, तीन खुर्च्या, एक टेबल, एक कपाट. प्रत्येकीखाली छापील आकडा, एक ते पाच. पायांभोवती पिवळा गोंद फुगून बाहेर आला होता. कपाटाच्या दारातही तो ओघळला होता. बाईंनी नखाने दार ओढून पाहिले. दार कायमचे मिटले होते.

 त्यांनी रुमाल तोंडाशी धरला आणि भिंतीला हात टेकला. भिंतही चिकट होती.

"कसं वाटलं, मॅडम?" मागून मुख्याध्यापक म्हणाले. "आता काही हरवायला नको, सांडायला नको. मुलांनी लांबून पाहायचं. तुमची आठवण कायमची राहील."

 बाई कार्यालयात गेल्या आणि पहिल्यांदाच त्या तेलकट खुर्चीवर बसल्या.

"भाऊसाहेब, सोमवारी तपासणीस येणार. वहीत खेळणी किती?"

"पाच नग."

"बाहेर किती?"

"पाचच की."

"उचलून दाखवा एक."

भाऊसाहेबाने बाहेर जाऊन खुर्ची उचलू पाहिली. सगळा फलक हलला. तांदळाचे दोन दाणे गळून पडले. तो घाबरून तसाच थांबला.

"तपासणीस वस्तू हातात घेऊन मोजतात ना? मागच्या वेळी त्यांनी भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढायला लावलं होतं तुम्हाला," बाई म्हणाल्या. "त्यांच्या हातात एक फलक येईल. पाचाच्या जागी एक. आणि तोही नोंदवहीत नाहीच."

भाऊसाहेबाचा चेहरा पांढरा पडला. तो धावत आत गेला आणि थुंकी लावायलाही विसरून त्याने पान उलटले. "साहेब, बाई म्हणतात ते खरं आहे. फलक वहीत नव्याने घ्यावा लागेल. जुने नग काढावे लागतील. निर्लेखन करावं लागेल."

"मग करा ना," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांना कशाचेच काही नव्हते. "त्या जागी चित्रं चिकटवू. चित्रं जास्त स्वच्छ दिसतात. वाळू, तांदूळ राहू द्या, ते फलकाचा भाग समजू. मॅडम, तुमचं लेखी लागेल मात्र."

त्यांनी पेन पुढे केला. टोपणाच्या टोकाला पिवळे काहीतरी होते. बाईंनी पर्समधून स्वतःचा पेन काढला. थोडा वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. आठवडाभर जे वाक्य खोटे म्हणून त्यांनी नाकारले होते, ते या लोकांनी एका संध्याकाळीत खरे करून ठेवले होते. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले: 'सदर पाच वस्तू शाळेने फलकावर चिकटविल्यामुळे शिकविण्यास निरुपयोगी झाल्या आहेत.' आणि सही केली.

"'शाळेने' कशाला?" मुख्याध्यापकांनी विचारले.

"मग मी चिकटवल्या का?"

"राहू द्या साहेब," भाऊसाहेब घाईने म्हणाला. त्याला फक्त आकडा जुळायला हवा होता. "निर्लेखित वस्तू जाळून नष्ट करायच्या असतात. मामा, काढा त्या आणि जाळा."

बाई ताडकन उठल्या. पण मामाने त्यांच्याकडे बघून डोळे मिचकावले आणि तो पोपडे खरवडायची पत्र्याची पट्टी घेऊन बाहेर गेला.

दुपारी निरोप समारंभ झाला. मुख्याध्यापकांनी भाषणात बाईंची सेवा अमोल म्हणजे मोजता न येणारी असल्याचे सांगितले आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. शाळेच्या मागच्या अंगणातून धूर येत होता. बाईंना तो खिडकीतून दिसत होता आणि भाषणातला एकही शब्द त्यानंतर त्यांना ऐकू आला नाही.

फाटकाशी मामा उभा होता. त्याच्या हातात वर्तमानपत्राची पुडी होती.

"जाळल्या असं वहीत चढलंय, बाई," तो म्हणाला. "धूर दिसायला पाहिजे म्हणून जुन्या उत्तरपत्रिका जाळल्या. पण एका खुर्चीचा पाय निघाला नाही. फलकावरच राहिला, आकडा तीनवर."

"असू दे, मामा."

"कपाटाचं दार मी उघडायला गेलो नाही. म्हटलं, तुमच्या हातूनच मोडलेलं बरं."

घरी येऊन बाईंनी गरम पाण्यात साबण घालून वस्तू भिजत ठेवल्या. तीन दिवस रोज पाणी बदलून त्या दात घासायच्या जुन्या ब्रशाने गोंद घासत राहिल्या. गोंद पिवळ्या तारांनी सुटे, नखांत अडके, हाताला त्याचा वास राही. ताई जेवताना नाक मुरडी. चौथ्या दिवशी कपाटाचे दार उघडले, पण अर्धेच.

गुरुवारी संध्याकाळी पाच बायका आल्या. दिवसभर कुणाचे मूत्र, कुणाचा कफ, कुणाच्या जखमा धुऊन आलेल्या. बाईंनी पाहिले, त्यांच्या हातांना साबणाचा वास येत होता. त्यांच्यातल्या सर्वांत थोराड बाईने डोळे मिटून ओंजळ पुढे केली. बाईंनी तिच्यात पाचही वस्तू रचून ठेवल्या.

"किती आहेत?"

"कळत नाही हो," ती म्हणाली. बोटांनी चाचपत तिने अर्धवट उघडलेले दार शोधले, तीन पायांची खुर्ची शोधली. "आमचं घर सारवायला काढल्यावर असतो तसा पसारा आहे नुसता." मग तिचा अंगठा एका पायापाशी थबकला. "पण हे चिकट काय लागतंय, बाई?"

"ते शाळेचं आहे," बाई म्हणाल्या. "जाईल हळूहळू. तुम्ही लाकूड तेवढं धरा."